उडत्या नावेवरचं भांडण

निवेस बेर्तामिनीबद्दल गावात कुणी चांगला शब्द काढत नसे, आणि काढला असता तर तिलाच त्याचा संशय आला असता. तळ्याच्या घाटापलीकडच्या मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात तिची हयात गेली. इस्त्रीजवळ राहून राहून बाईची जीभही तापली, असं माझी बायको म्हणायची. पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं की ही पुढच्या बाकावरून मोठ्याने खाकरायची. पाहुण्यांनी टॉवेलांवर रंग सांडला तर त्यांच्या खोलीपर्यंत जाऊन जाब विचारायची. माझा बार घाटाला लागून आहे, त्यामुळे तिची सकाळची कॉफी माझ्याच नशिबी होती. कॉफीत ग्राप्पा दारूचे दोन थेंब पडल्यावर ती पहिला घोट घ्यायची आणि म्हणायची, "आरिगो, मशीन धुतलेलं पाणी फुकट जाऊ नये म्हणून मला पाजतोस का रे?"

हा आमचा नमस्कार.

तिचा थोरला भाऊ ग्वेरिनो हा नौकाक्लबचा अध्यक्ष आणि शिक्षक. गार्दा तळ्याच्या या उत्तर टोकाला जो कुणी शीड उभारायला शिकला, तो याच्या शिव्या खाऊन. हे दोघं भाऊबहीण एकमेकांशी बोलत नसत. आजकालचं नव्हे, तरुणपणापासूनचं. तेव्हा दोघं एकाच नावेत असत, तो सुकाणूवर आणि ती पुढे दोरांवर, आणि या तळ्यावर त्यांना हरवणारं कुणी नव्हतं. मग राष्ट्रीय शर्यतीचं वर्ष आलं. ब्रेशियाच्या एका वकिलाने आपल्या मुलासाठी कोरी नाव घेतली आणि तिला सुकाण्या हवा होता. ग्वेरिनो गेला. बहिणीला सांगितलंसुद्धा नाही. ती सकाळी पिशवी भरून घाटावर आली, तेव्हा नाव लादलेली गाडी निघून गेली होती. त्या दिवसापासून निवेसने नावेत पाय ठेवला नाही आणि भावाशी शब्द बोलली नाही.

पुढे आई अंथरुणाला खिळली, तिचं सगळं निवेसने केलं. ग्वेरिनो औषधं आणून माझ्या काउंटरवर ठेवायचा, निवेस येऊन उचलायची. "त्याला सांग, खोकल्याचं संपलंय." "तिला सांग, उद्या आणतो." मी मध्ये टपाल्यासारखा. आईच्या दफनाला दोघं शवपेटीच्या दोन बाजूंना उभे होते, आणि माती टाकायची वेळ आली तेव्हाही एकमेकांकडे न बघता त्यांनी आपापली मूठ रिकामी केली.

निवेस निवृत्त झाली त्याच्या पुढच्या वसंतात व्हेरोनाहून एक विक्रेता नवीन प्रकारची नाव घेऊन आला. उडत्या नावा आम्हाला नवीन नव्हत्या. पाण्याखाली पंख असलेल्या आणि वेग आला की अख्ख्या पाण्याबाहेर उचलल्या जाणाऱ्या नावा तळ्यावर बऱ्याच वर्षांपासून येत होत्या. पण त्या सगळ्या तरण्याताठ्यांच्या. सुईच्या टोकावर बसल्यासारख्या, जरा चुकलं की माणूस हवेत. ही नवी नाव एकट्याने चालवायची, रुंद बुडाची, लहान शिडाची. उलटली तर कडेला धरून परत वर चढता येईल अशी. तिच्या नाकापुढे एक लांब काठी लोंबत असे. काठीचं टोक पाण्याला घासत जाई आणि नाव किती वर उचलायची ते ती काठीच पंखाला कळवी.

विक्रेता घाटावर उभा राहून सांगत होता, "चालवायला सोपी. पन्नाशीतले, साठीतले लोक चालवतात. फक्त तोल हवा."

ग्वेरिनो खिशात हात घालून उभा होता. तो म्हणाला, "मग आमच्या धोबिणीला बसवा की. तोल तिचा जन्मापासून गेलेला आहे, त्यामुळे पडली तरी तिला कळायचं नाही."

लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. निवेस माझ्या बारच्या गच्चीवरच बसली होती. तिने कप खाली ठेवला, घाटाच्या पायऱ्या उतरली आणि भावाकडे न बघता विक्रेत्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पिवळ्या रंगात मिळते?"

"मिळते, बाई."

"आणा मग. आणि शीड शिवणाऱ्याला सांगा, टाका नीट घाल म्हणावं. मी बघणार आहे."

पिवळी नाव आली, तशी क्लबने जागा नाकारली. नियम असा होता की नाव ठेवायला सभासद हवा, आणि सभासद व्हायला अध्यक्षाची सही हवी. निवेस सही मागायला गेलीच नाही. तिने नाव माझ्या बारसमोरच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर ओढून आणली आणि लिंबाच्या कुंडीला बांधली.

"निवेस, गिऱ्हाइकं इथून उतरतात पाण्यात."

"तुझी गिऱ्हाइकं उतरतात कुठे, पडतात. जरा बाजूला पडतील."

सकाळी उत्तरेचा पेलेर डोंगरावरून उतरतो, दुपारी दक्षिणेचा ओरा चढतो. निवेस दोन्ही वाऱ्यांत पाण्यावर असे. जुना पोहण्याचा रबरी पोशाख तिला घट्ट होत होता, डोक्यावर शिरस्त्राण, आणि तोंड सतत चालू. पहिले कित्येक दिवस ती नुसती पडत होती. वारा जोर धरी, नाव पुढे झेपावे, निवेस घाबरून दोर स्वतःकडे ओढी आणि नाव तिला घेऊन आडवी होई. हे उलटं होतं. अशा वेळी दोर सोडायचा असतो, वेग येऊ द्यायचा असतो, आणि नाव वाऱ्याच्या अंगाला किंचित कलती ठेवून मग हळूहळू शीड आवळायचं असतं. ग्वेरिनोच्या वर्गातली पोरंही हे सांगू शकली असती. त्यांनी सांगितलं नाही. ती पडली की टाळ्या वाजवत. हॉटेलमालक ग्वाल्तिएरो, जो क्लबचा उपाध्यक्ष होता आणि ज्याच्या चादरी तिने जन्मभर धुतल्या होत्या, तो माझ्या गच्चीवर बसून म्हणाला, "चला, निदान रोज धुतली तरी जाते."

पण निवेस शिकत होती. तरुणपणी वारा वाचायची सवय हाडात मुरली होती, ती परत आली. तिला फक्त एक गोष्ट मोडून काढायची होती, ती म्हणजे मूठ घट्ट आवळण्याची खोड. एकदा ओलीचिंब येऊन माझ्या पायरीवर बसली आणि दोराने सोललेला तळहात बघत म्हणाली, "ही नाव माझ्याहून समजूतदार आहे, आरिगो. मी काही करायला गेले की बिघडतं. तिला सोडून दिलं की जमतं." मग तिला जाणवलं की आपण चांगलं बोललो. लगेच म्हणाली, "बघतोस काय? टॉवेल दे. आणि धुतलेला दे."

ती पहिल्यांदा उडाली, तेव्हा मी टेबलं पुसत होतो. ओरा नुकता स्थिर झाला होता. पिवळी नाव नेहमीसारखी पाणी कापत चालली होती, आणि बघता बघता तिच्या पोटाखाली उजेड दिसला. नाव हातभर वर. मागे फेस नाही, लाट नाही, नुसती एक बारीक रेघ, आणि तळ्यावरून येणारा मधमाशीसारखा गुंजारव. निवेस कडेला मागे रेलून बसली होती. तोंड उघडं, पण आवाज नव्हता. ती गप्प आहे असं मी प्रथमच पाहत होतो.

ते फार टिकलं नाही. समोर ग्वेरिनोची मोटारबोट होती आणि तिच्याभोवती शिकाऊ नावांचा घोळका. निवेसने नाव सरळ त्यांच्या बाजूने काढली, इतकी जवळून की पोरांची शिडं फडफडली, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडली, "ग्वेरिनो, रस्त्यातून सरक! म्हातारी माणसं पाण्यात कशाला येतात?"

चाळीसेक वर्षांनी भावाशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी ती आली तर नावेच्या नाकापुढची काठी मोडलेली. वाकलेली नव्हे, गुडघ्यावर घेऊन मोडावी तशी मोडलेली. कुणी मोडली, ते आजतागायत कळलेलं नाही. गावात तसं करायला तयार माणसं बरीच होती. त्या दिवशी क्लबचं वार्षिक जेवण होतं. लांबलचक टेबलं, कार्ने सलादा म्हणजे खारवलेलं मांस आणि घेवड्याच्या परातीच्या पराती, वाईनच्या सुरया. ग्वेरिनो मधोमध बसून घास घेत होता. निवेस रबरी पोशाखातच आत आली, टेबलांमधून चालत गेली आणि तिने काठीचे दोन्ही तुकडे त्याच्या ताटात ठेवले. रस्सा त्याच्या शर्टावर उडाला.

"हे मी केलेलं नाही," ग्वेरिनो म्हणाला.

"तू कधीच काही केलेलं नसतंस. गाडी आपोआप सुटते, काठी आपोआप मोडते."

सगळ्यांचे काटे हवेत थांबले. ग्वाल्तिएरो उठून म्हणाला, "बाई, हे सभासदांचं जेवण आहे."

"तू खाली बस. तुझ्या चादरी मी पाहिल्यात," निवेस म्हणाली, आणि ग्वाल्तिएरो खाली बसला.

ग्वेरिनोचं तोंड लाल झालं होतं. तो म्हणाला, "मला तुला हरवायला काठ्या मोडाव्या लागत नाहीत. तुझ्या त्या पाळण्यात बसूनसुद्धा मी तुला हरवीन."

"बस की मग."

आणि तो बसला. त्या महिन्यातच व्हेरोनाचा विक्रेता दुसरी नाव घेऊन आला, पांढरी. निवेसला नवी काठी विक्रेत्यानेच बसवून दिली, आणि तिने त्याबद्दल आभार मानले नाहीत.

तो उन्हाळा माझ्या बारला चांगला गेला आणि बाकी कुणालाच नाही. रोज दुपारी ओरा चढला की पिवळी आणि पांढरी, दोन्ही नावा सुटत. ठरवलेली शर्यत नव्हती, पंच नव्हते. घाटापासून समोरच्या कड्याखालच्या तरंगत्या पिंपापर्यंत आणि परत. ग्वेरिनो सरस होता, पण जड होता, आणि त्याला नावेवर हुकूम चालवायची सवय. निवेसला वाऱ्याच्या झुळका आधी दिसत. तो तिच्या वाऱ्याच्या बाजूला येऊन तिच्या शिडातला वारा चोरी, ती पिंपाला वळसा घालताना त्याच्या नाकासमोरून जाई.

आणि भांडण. पाण्यावरून आवाज किती लांब जातो ते त्या दोघांना ठाऊक नसणं शक्यच नव्हतं, पण त्यांना पर्वा नव्हती. जे स्वयंपाकघरात बोलायचं, जे आईच्या उशाशी बोलायचं, ते सगळं त्या उन्हाळ्यात तळ्यावर बोलून झालं.

"आई तुझं नाव घेत घेत गेली, आणि तू औषधं बारमध्ये ठेवत होतास!"

"दार उघडलं असतंस का तू मला?"

"नसतं उघडलं!"

"मग?"

"मग तरी यायचं होतंस!"

दुसऱ्या दिवशी परत. "त्या वकिलाच्या पोरासाठी मला घाटावर टाकून गेलास. आणि आलास कितवा? शेवटून दुसरा!"

"तू दर वळणाला माझा जीव खायचीस! एक शर्यत मला शांतपणे करायची होती, एकच!"

"झाली का शांतपणे?"

ग्वेरिनोची नाव त्या क्षणी पंखांवरून खाली बसली आणि तो मागे पडला. माझ्या गच्चीवर कुणी हसलं नाही. लोक आपापल्या पेल्यात बघत राहिले, आणि एक म्हातारी बाई उठून निघून गेली.

सप्टेंबरात ते घडलं. ओरा जोराचा होता, पाण्यावर पांढरे तुरे. दोन्ही नावा उडत होत्या आणि समोरासमोरून एकाच जागेकडे येत होत्या. पाण्यावरचा कायदा सरळ आहे. वारा ज्याच्या उजव्या अंगावर, त्याचा हक्क. दुसऱ्याने बाजूला व्हायचं. वारा निवेसच्या उजव्या अंगावर होता. ग्वेरिनोने वळायला हवं होतं. तो वळला नाही. निवेसही वळली नाही. हक्क असला तरी टक्कर टाळायची असते, हेही कायद्यात आहे, पण ते तिला ऐकवणार कोण? अगदी शेवटी ग्वेरिनोने सुकाणू लोटलं. त्याच्या नावेचं नाक आभाळाकडे गेलं, पंख पाण्याबाहेर आला आणि नाव धाडकन कोसळली. तो पाण्यात फेकला गेला. निवेसच्या नावेचा पंख त्याच्या पोटरीतून गेला.

क्लबची मोटारबोट सुटली तेव्हा मीही तिच्यात उडी मारली. आम्ही पोचलो तर पाणी लाल होतं. निवेस पांढऱ्या नावेच्या उपड्या बुडावर भावाला अर्धवट ओढून बसली होती. शिडाचा दोर तिने त्याच्या गुडघ्याच्या वर करकचून आवळला होता आणि दोन्ही हातांनी जखम दाबून धरली होती.

आम्हाला बघून ती पहिलं काय बोलली? "वारा माझ्या उजव्या अंगावर होता. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

"निवेस, आधी त्याला—"

"पाहिलंय की नाही?"

ग्वेरिनोचे ओठ पांढरे पडले होते. तो म्हणाला, "होता. उजव्या अंगावर होता. आता तोंड बंद कर आणि दाब."

"दाबतेय ना! आणि तू हलू नकोस, गाढवा. आयुष्यभर चुकीच्या वेळी हलत आलास."

किनाऱ्यावर येईपर्यंत तिने हात काढले नाहीत, आणि रोव्हेरेतोच्या इस्पितळाची गाडी आली तेव्हा बोटं सोडवायला दोन माणसं लागली. गाडीत मात्र ती चढली नाही. "तिथे त्याला नर्सा आहेत," म्हणाली. पोशाखावरचं रक्त माझ्या नळाखाली धुतलं आणि घरी गेली.

गावाला आता हवं ते मिळालं होतं. ग्वाल्तिएरोने क्लबची सभा बोलावली. ठराव असा की निवेस बेर्तामिनीला आमच्या घाटावरून नाव पाण्यात टाकायला कायमची मनाई व्हावी. मला साक्षीला बोलावलं होतं. मी जे पाहिलं ते सांगितलं, वारा कुणाच्या कुठल्या अंगावर होता तेही सांगितलं. त्यासाठी माझ्याकडे खोलीतल्या अर्ध्या लोकांनी खाऊ का गिळू अशा नजरेने बघितलं. "आरिगो, तिची नाव तुझ्या दारात असते, तुझा धंदा होतो," ग्वाल्तिएरो म्हणाला. निवेस भिंतीला टेकून उभी होती. खुर्ची कुणी दिली नव्हती.

मतदानाला हात वर होणार, इतक्यात ग्वेरिनो कुबड्यांवर आत आला. इस्पितळातून त्याला नुकतंच सोडलं होतं. बसला नाही.

"हक्क तिचा होता," तो म्हणाला. "मी वळलो नाही. ती माझी बहीण आहे म्हणून हे सांगत नाहीये. मला ती आवडत नाही, कधीच आवडली नाही. पण मी पन्नास वर्षं पोरांना जो नियम शिकवला, तो मीच मोडला. मनाई करायची तर मला करा. आणि तिच्या अर्जावर सही करायला लेखणी द्या कुणीतरी."

"मी अर्ज केलेला नाही," निवेस भिंतीकडून म्हणाली.

"मग कर, टवळे!"

"तू सांगितलंस म्हणून तर मुळीच करणार नाही!"

सभा तिथेच मोडली. ठराव बारगळला. ग्वेरिनोने अध्यक्षपद सोडलं, आणि ग्वाल्तिएरो अध्यक्ष झाला, ज्याचा व्हायचा तो त्रास आम्हाला अजून होतो आहे. निवेस सभासद झाली नाही ती नाहीच.

ग्वेरिनोची पोटरी भरली, पण पाय पुरता वाकेना. पांढरी नाव त्याने विकली. निवेस पुढच्या उन्हाळ्यात माल्चेसिनेला वयस्कांच्या शर्यतीत उतरली, पंचांशी भांडली आणि पहिल्याच दिवशी बाद होऊन आली. आता ती एकटीच उडते. मला वाटतं, तिला त्यात पूर्वीसारखी गोडी नाही. पिंपापर्यंत जाते, वळते, मागे बघते. मागे कुणी नसतं.

ग्वेरिनो दुपारी माझ्या गच्चीवर येतो. कठड्यालगतचं, सगळ्यात चांगलं टेबल अडवतो, एक कॉफी मागवतो आणि पाय खुर्चीवर लांब करतो. पिवळी नाव दिसली की ओरडायला लागतो. "सैल सोड! सोड म्हणतो ना, मूर्ख बाई! डावीकडे झुळूक येतेय, आंधळी आहेस का?" त्याचा आवाज आता कठड्यापलीकडे जात नाही. शेजारच्या टेबलावरची जर्मन मंडळी उठून आत जाऊन बसतात.

काल ती नाव ओढून किनाऱ्यावर आली, शिरस्त्राण काढलं आणि पायरीखालूनच विचारलं, "काय बोंबलत होतास?"

"तुझं शीड ढिलं होतं."

"मुद्दाम ठेवलं होतं."

"मुद्दाम! हिला मुद्दाम चुकायला येतं."

"तू ये ना मग पाण्यात!"

"पाय वाकव माझा, येतो."

निवेस वर आली, त्याचा खुर्चीवरचा पाय उचलून खाली ठेवला, जरा जोरातच, आणि त्या खुर्चीवर स्वतः बसली. तो कळवळला. तिने त्याचा कप ओढला, उरलेला घोट पिऊन टाकला आणि माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं.